स्लॅब न फोडता छताला दिवे: उघड्या मेटल कंड्युटचं काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

फ्लॅटचा ताबा मिळाला की दिव्यांची अडचण लगेच जाणवते. हॉलच्या छताला मधोमध पंख्याचा एक हूक, भिंतीवर ट्यूबलाइटचे दोन पॉइंट, बाकी सगळं छत कोरं. दिवा हवा असतो सोफ्यावर नाहीतर जेवणाच्या टेबलावर, आणि तिथं वायर आलेलीच नसते. मग कुणीतरी सुचवतं, ‘छताला झिरी मारू, वायर आत दाबू, वरून प्लास्टर.’

याला अजिबात हो म्हणू नका. स्लॅब साधारण चार-पाच इंच जाड असतो आणि खालच्या बाजूनं जेमतेम १५ ते २० मिलिमीटर आत लोखंडी सळ्या असतात. झिरी मारताना कटर थेट त्या सळ्यांवर जातो. मायवान शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब ओतलेल्या) नव्या इमारतींत तर भिंतीसुद्धा आरसीसीच्याच, म्हणजे भिंतीतही झिरी मारायची सोय उरलेली नाही. एकदा कापलेली सळी आणि उघडं पडलेलं काँक्रीट पुट्टीनं झाकलं जातं, दुरुस्त होत नाही.

राहिले तीन मार्ग. पीओपीचं फॉल्स सीलिंग, पण साडेनऊ फुटांच्या खोलीतली चार ते सहा इंच उंची त्यात जाते. दुसरं, पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी: स्वस्त आणि झटपट, पण छतावर ती कालांतरानं पिवळी पडते, सांधे उघडतात. तिसरा मार्ग, आत वायर घेऊन छताला धरून सरळ धावणारा लोखंडी पाइप, म्हणजेच कंड्युट, आणि त्यावर ठरावीक अंतरानं गोल बॉक्स. मला हा तिसरा मार्ग मनापासून आवडतो. काय कुठून गेलंय ते डोळ्यांना दिसतं, उद्या दिवा बदलायचा तर बॉक्सचं झाकण उघडलं की काम होतं. मात्र उघड्या पाइपमध्ये लपायला जागा नसते. अर्धा इंच वाकडं गेलेलं रोज दिसतं. म्हणून या कामातला निम्म्याहून जास्त वेळ कागद, टेप आणि दोरी यांवर घालवायचा असतो.

आधी अर्थिंग बघा

धातूचा पाइप वायरला मार लागू देत नाही, उंदराला कुरतडू देत नाही. पण आत कुठं वायरचं आवरण सोललं आणि फेज पाइपला टेकला, तर भिंतीपासून छतापर्यंतचा अख्खा पाइप जिवंत होतो. पाइप नीट अर्थ केलेला असेल तर त्याच क्षणी एमसीबी (जादा करंट गेला की बंद होणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट गळला की बंद होणारा स्विच) पडते. नसेल तर तो पाइप कुणाचा तरी हात लागायची वाट बघत राहतो.

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. जुन्या चाळींत आणि जुन्या इमारतींत त्या भोकामागे बरेचदा वायरच नसते. परवानाधारक वायरमनला बोलावून दोन गोष्टी मोजून घ्या: अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचलंय का, आणि दिव्यांच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का. अर्थिंग नसेल तर आधी ते करा. ते होणारच नसेल तर धातूचा विचार सोडा आणि पीव्हीसी पाइप वापरा. यात मधला मार्ग नाही.

कामाची वाटणीही इथंच ठरवून टाका. आखणी, छिद्रं, पाइप बसवणं, रंग हे हाताला थोडी सवय असलेला माणूस शिकून करू शकतो. बोर्डातली जोडणी आणि शेवटची तपासणी परवानाधारक माणसाकडूनच. सोसायटीला लेखी कळवा. काही टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा असतो, म्हणजे त्यात ताणलेल्या केबल असतात. अशा स्लॅबला बिल्डरचा नकाशा बघितल्याशिवाय एकही छिद्र पाडायचं नाही.

कागदावरची खोली

उदाहरणाला १२ बाय १६ फुटांचा हॉल घेऊ. मीटरमध्ये साधारण ३.६ बाय ४.८. मधोमध नेहमीचा १२०० मिलिमीटरचा पंखा, म्हणजे पात्यांचं टोक मध्यापासून ६० सेंटिमीटरवर. आपल्याकडच्या घरात दिव्यांची जागा पंखाच ठरवतो. दिवा पात्यांच्या वर आला की प्रकाश कापला जातो आणि सगळी खोली लुकलुकते. त्या खोलीत वाचन सोडाच, बसवतही नाही.

दिव्यांची साधी रीत अशी की दोन दिव्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून. ३.६ मीटर रुंदीत दोन रांगा बसवल्या तर प्रत्येक रांग लांब भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर येते आणि दोन रांगांत १.८ मीटर राहतात. पात्याच्या टोकापासून दिवा ३० सेंटिमीटर लांब राहिला. झालं काम. प्रत्येक रांगेत तीन दिवे, एकूण सहा. अरुंद झोताचे, छताला चिकटून बसणारे नळकांडी दिवे घेतले तर पात्यांची सावलीही पडत नाही.

आता लांबीच्या बाजूनं बघू. रीतीप्रमाणे ४.८ भागिले ३, म्हणजे दोन दिव्यांत १.६ मीटर आणि भिंतीपासून ०.८. हिशोब बरोबर, पण पाइप बाजारात साधारण ३ मीटरच्या नगात मिळतो. १.६ चे दोन तुकडे एका नगातून निघत नाहीत. तेच अंतर १.५ केलं की एका नगातून दोन तुकडे निघतात, कारण बॉक्सची रुंदी वजा जाता प्रत्येक तुकडा दीड मीटरहून थोडा कमीच लागतो. भिंतीपासूनचं अंतर मग ९० सेंटिमीटर होतं, म्हणजे चारही बाजूंनी सारखं. बोर्डापासून छतापर्यंतचा उभा पाइपही दीड मीटरच्या आसपास येतो. दिवे फक्त १० सेंटिमीटर सरकवल्यावर सहा नगांचं काम चारात बसतं आणि रांगांत कुठं कपलरचा, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याचा, फुगवटा दिसत नाही. सहा वॉट इकडे की तिकडे यावर डोकं शिणवण्याआधी हा हिशोब करा.

मार्ग असा: बोर्ड ज्या आखूड भिंतीवर आहे तिथून पहिल्या रांगेच्या रेषेत सरळ वर, कोपऱ्यात वळण, मग छतावर पहिला दिवा. तिथून एक फाटा त्याच रांगेत पुढे, दुसरा फाटा आडवा १.८ मीटर जाऊन दुसऱ्या रांगेच्या पहिल्या दिव्यापाशी. बॉक्स लागतील ते: तीन तोंडांचा एक, काटकोनी दोन तोंडांचा एक, सरळ दोन तोंडांचे दोन, एका तोंडाचे दोन. पाइप शेवटच्या दिव्यापाशी संपवा. समोरच्या भिंतीपर्यंत उगाच नेला की तो पाण्याच्या लाइनसारखा दिसायला लागतो.

दुकानात काय मागायचं

‘लोखंडी पाइप द्या’ म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो देतो. तुम्हाला हवा आहे विजेच्या कामाचा कडक स्टील कंड्युट, आयएस ९५३७ चा शिक्का असलेला, २० मिलिमीटर मापाचा. हे माप बाहेरच्या व्यासाचं असतं. जाडी १.६ मिलिमीटर बघून घ्या, त्याहून पातळ पाइपला आटे पाडले की धातूच उरत नाही. काळ्या एनॅमलचा आणि गॅल्व्हनाइज्ड असे दोन प्रकार येतात. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत गॅल्व्हनाइज्डच घ्या, पुणे-नाशिकला काळाही चालतो.

इंटरनेटवरचे या विषयावरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथला ईएमटी नावाचा पाइप पातळ असतो, त्याला आटे पाडत नाहीत, स्क्रूच्या कनेक्टरनं जोडतात, मापं इंचांत असतात आणि दिव्यांना १२० व्होल्ट मिळतात. शिकागोत तर घरांतही धातूच्या पाइपचाच नियम आहे, त्यामुळे तिथल्या कारागिरांचा हात फार सफाईदार असतो. बघून शिकण्यासारखं त्यात खूप आहे. पण त्यांचे कनेक्टर मागवून आपल्या पाइपवर चढवायला जाऊ नका.

वायर तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटर, आयएस ६९४ ची. लाल किंवा पिवळी फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थला. आपल्या हॉलमध्ये दोन रांगांना दोन स्विच धरले तर उभ्या पाइपमधून दोन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ अशा चार वायर जातील. वळणं असलेल्या २० मिलिमीटर पाइपमध्ये या जाडीच्या चारच वायर घालायच्या असतात, म्हणजे आपण मर्यादेवर आहोत. तिसरा स्विच हवा असेल तर उभा पाइप आणि पहिल्या दिव्यापर्यंतचा तुकडा २५ चा घ्या.

याशिवाय पंधरा-सोळा स्पेसर सॅडल (पाइप छताला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या), एक इन्स्पेक्शन बेंड (झाकण असलेलं वळण), बॉक्सची झाकणं, चेक नट, बुश. सॅडल साधे पत्र्याचे घेऊ नका. गोल बॉक्सचं तोंड छतापासून थोडं खाली असतं आणि साधा सॅडल पाइपला छताला चिकटवतो, त्यामुळे दोघांची पातळी जुळत नाही. मग प्रत्येक बॉक्सपाशी पाइपला सेट मारावा लागतो, म्हणजे किंचित वर-खाली वाकवावं लागतं. नवख्या हाताला तो सेट दोनदा सारखा जमत नाही. स्पेसर सॅडलनं पाइप छतापासून तेवढाच खाली राहतो आणि सगळं एका पातळीत येतं.

रेषा मारणं

खोलीचे कोपरे काटकोनात आहेत असं धरून चालू नका. भिंतीपासून ९० सेंटिमीटर दोन्ही टोकांना मोजा, तिथं खुणा करा आणि निळीच्या दोरीनं फटका मारून रेषा उमटवा. दोरीला नीळ अगदी कमी लावा, पांढऱ्या छतावरचा जाड निळा पट्टा रंगातूनही वर येतो. समोरासमोरच्या भिंती समांतर नसतील तर दोन्ही रांगा त्यांतल्या एकाच भिंतीला समांतर धरा. कुठली भिंत? ज्या भिंतीपाशी छताला बीम आहे ती, कारण पाइप आणि बीम यांच्यातली फट डोळा लगेच मोजतो. आता दारात उभे राहून बघा, सोफ्यावर बसून बघा. रेषा खटकली तर पुसून पुन्हा मारा. आत्ता ते फुकट आहे.

सॅडलची जागा: दोन सॅडलमध्ये १ मीटरहून जास्त अंतर नको आणि प्रत्येक बॉक्स किंवा वळणापासून ३० सेंटिमीटरच्या आत एक हवाच. दीड मीटरच्या तुकड्याला दोन पुरतात, १.८ च्या आडव्या तुकड्याला मधे तिसरा लागतो. सगळ्या तुकड्यांत बॉक्सपासूनचं अंतर एकसारखं ठेवा.

छिद्रं

स्लॅबच्या पोटात बिल्डरनं टाकलेले जुने पीव्हीसी पाइप असतात, त्यांत वायरी असतात. पंख्याच्या हुकाकडून बोर्डाच्या दिशेनं जाणारी रेषा संशयाची, तिथं छिद्र टाळा. काम सुरू करण्याआधी मेन बंद करा आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरची दिव्यांची लाइन चालूच राहते. ही गोष्ट घरोघरी विसरली जाते आणि ती जिवावर बेतू शकते.

६ मिलिमीटरचा बिट, बॅटरीवरचं हॅमर ड्रिल (मेन बंद आहे), डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडाला मास्क. बिटमध्ये कागदी कप ओवून घेतला की धूळ तोंडावर न पडता कपात जमते. साधारण ३५ मिलिमीटर खोल पुरतं, बिटला तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळा. ड्रिल एकदम अडखळलं, आवाज खणखणीत झाला आणि धूळ यायची थांबली की सळी लागली असं समजा. जोर लावू नका, सॅडल रेषेवरच दोन सेंटिमीटर पुढेमागे करा.

कापणं आणि आटे पाडणं

हा भाग हाताखालून गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक जादा पाइप आणून त्यावर आधी सराव करा. पाइप व्हाइसमध्ये पक्का धरा, बारीक दातांच्या हॅक्सॉनं सरळ कापा. कापल्यावर आतल्या कडेला धारदार बर, म्हणजे धातूचा कंगोरा, राहतो. तो गोल कानशीनं किंवा रीमरनं पूर्ण काढा. बोटानं तपासू नका, बोट कापेल. जुन्या सुती कापडाची चिंधी काडीला गुंडाळून टोकात फिरवा. एकही धागा अडकला तर बर अजून शिल्लक आहे, आणि तोच वायर ओढताना तिचं आवरण सोलणार आहे.

आट्यांसाठी डाय-स्टॉक. डायला तेल द्या, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. डाय सरळ बसली नाही तर आटे तिरके पडतात आणि पाइप बॉक्समधून वाकडा निघतो. आटे बॉक्समध्ये पूर्ण बसतील एवढेच पाडा. जोडल्यावर बाहेर आटे उघडे राहिले तर तिथूनच गंज सुरू होतो. बरेच हार्डवेअरवाले मापं दिली की कापून, आटे पाडून देतात. पहिल्या कामाला तसंच करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

चढवणं

इथं बहुतेक नवखे अडकतात. दोन बॉक्स छताला पक्के केले आणि मधे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइप बसवायला गेलात, तर तो फिरवणार कसा? एका बाजूनं आवळला की दुसऱ्या बाजूनं सुटतो. म्हणून तीन बॉक्स आणि दोन पाइप अशी एक रांग जमिनीवरच जोडून घ्या, सगळ्या बॉक्सची तोंडं खाली एका पातळीत आणा आणि मग दोघांनी मिळून, दोन घोडा-शिड्यांवर उभं राहून, ती रांग उचलून सॅडलमध्ये बसवा. दुसरी रांगही तशीच. दोन रांगांना जोडणारा आडवा तुकडा शेवटी. त्याच्या एका टोकाला लांब आटे पाडलेले असतात. त्यावर कपलर आणि चेक नट आधी पूर्ण मागे चढवायचे, पाइप जागेवर आणायचा, मग कपलर समोरच्या छोट्या तुकड्यावर पुढे फिरवून चेक नटनं आवळायचा. हा एकच सांधा दिसणार आहे, तो बॉक्सजवळ ठेवा.

भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात पाइप वाकवून बसवायचा मोह आवरा. वाकवताना आतली त्रिज्या ७५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि एवढं मोठं वळण कोपऱ्यात नीट बसत नाही. झाकणाचा इन्स्पेक्शन बेंड कोपऱ्यात घट्ट बसतो आणि वायर ओढताना तिथून हातही घालता येतो.

प्रत्येक सांध्यात धातूला धातू टेकला पाहिजे. काळ्या पाइपचा रंग आट्यांजवळ खरवडून काढा. तरीही अर्थसाठी पाइपवर विसंबू नका, हिरवी वायर आतून सगळीकडे न्या आणि प्रत्येक बॉक्सच्या अर्थ स्क्रूला जोडा.

जड झुंबर किंवा झुलता दिवा असेल तर त्याचा भार बॉक्सवर नको. स्लॅबला वेगळा अँकर फास्टनर मारून तिथं टांगा.

रंग, वायर, दिवे

रंग वायरच्या आधी. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर थेट ऑइल पेंट मारला की पापुद्रे सुटतात, आधी जस्तावर पकड घेणारा एच (etch) प्रायमर लावा. काळा पाइप पांढऱ्या छतावर रुबाबदार दिसतो हे खरं, पण तो प्रत्येक मिलिमीटरचा वाकडेपणाही दाखवतो. पहिलं काम असेल तर छताच्याच रंगाचा पाइप करा.

सगळा पाइप पक्का झाल्यावरच वायर ओढायची. आधी स्प्रिंग घाला, तिच्या डोळ्यात वायरी अडकवून गाठ चिकटपट्टीनं गुळगुळीत करा, एकानं ओढायचं, दुसऱ्यानं मागून सोडायचं. अडलं तर फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड), तेल-ग्रीस कधीच नाही. पाइपच्या आत एकही सांधा नको, सांधे फक्त बॉक्समध्ये. प्रत्येक बॉक्सपाशी वायरीला वीतभर ढील ठेवा.

एक नियम पाठ करून ठेवा: एका सर्किटचे फेज आणि न्यूट्रल कायम एकाच लोखंडी पाइपमधून. जागा नाही म्हणून न्यूट्रल दुसऱ्या पाइपमधून नेला तर एकट्या वायरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंड तापायला लागतं. पीव्हीसीत हे होत नाही, म्हणून पीव्हीसीवर हात बसलेल्या कारागिराच्या हे ध्यानात राहत नाही. तसंच इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडू नका, आरसीसीबी कारण नसताना पडत राहील.

कौलारू घर असेल तर

कोकणात किंवा गोव्यात वासे, तुळया आणि कौलं असलेल्या घरात पाइप वाशांवरून तिरका नेऊ नका. तुळईच्या बाजूनं, तिच्या खालच्या कडेपासून एक ठरावीक अंतर धरून न्या. खालून बघताना तो लाकडाच्या सावलीत जातो. अशा घरात उंदरांपासून वायर वाचवायला धातूच्या पाइपइतकं चांगलं दुसरं काही नाही. लाकडात स्क्रू मारण्याआधी टोचणीनं वाळवी तपासा. कौलातून गळणाऱ्या पाण्याची वाट बघून ठेवा, तिच्याखाली बॉक्स नको, आणि शेवटच्या बॉक्सच्या झाकणाला रबरी गॅस्केट लावा.

चालू करण्याआधी

दिवे जोडण्यापूर्वी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन तपासून घ्या, किमान १ मेगाओम हवाच. एलईडी जोडलेले असताना मेगर लावला तर त्यांचे ड्रायव्हर जातील. मग बोर्डाच्या अर्थपासून सर्वांत लांबच्या बॉक्सपर्यंत सलगता, स्विच फेजमध्येच आहे ना, आणि सर्किटला ६ अँपिअरचा एमसीबी. दिव्याचं अंग धातूचं असेल तर तेही अर्थला जोडलंय का, हे शिडीवर चढून स्वतः बघा. दिवे लागल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडलीच पाहिजे.

कागदावरची आखणी आणि झाकणं लावण्याआधी काढलेले प्रत्येक बॉक्सचे फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या, दाराच्या आत चिकटवा. पहिला पावसाळा गेला की सॅडलचे स्क्रू एकदा आवळा, आणि आट्यांपाशी गंजाचा ठिपका दिसला तर तिथं लगेच झिंकचा रंग लावा.